गाण्यातली आक्का

मंडळाच्या अध्यक्षांनी फ्लेक्सचं मॅटर मोबाईलवर पाठवलं तेव्हा मी एका भावी नगरसेवकाला फेटा बांधत होते. म्हणजे फोटोत. नवी पेठेच्या मागच्या गल्लीत फ्लेक्सचं दुकान आहे, तिथे कॉम्प्युटरवर मी बसते. कुणाच्या अंगात कोट घाल, कुणाचं टक्कल झाक, वारलेल्या आजोबांच्या फोटोतून शेजारी उभा असलेला जिवंत जावई काढून टाक, असली कामं मी इतकी वर्षं करते आहे की खरा माणूस समोर आला तरी याला कुठून कापावं हाच विचार आधी येतो.

मॅटर साधंच होतं. महिला दिनानिमित्त शाळेच्या मैदानावर खास महिलांसाठी कार्यक्रम, लकी ड्रॉमध्ये मिक्सर आणि पैठणी, मधोमध माझ्या धाकट्या बहिणीचा फोटो, भोवती शुभेच्छुकांचे चेहरे. आणि खाली लाल पट्टीत एक ओळ: 'गाण्यातली खरी आक्का प्रथमच मंचावर'. मी ओळ टाईप केली, अक्षरांना पिवळी कड दिली, पट्टी जरा रुंद केली. मग हात थांबला. ती आक्का म्हणजे मीच होते.

धाकटी गाते, हे आता सोलापुरात कुणाला सांगावं लागत नाही. रिक्षात, रसवंतीवर, हळदीच्या डीजेवर तीच असते. तिचं सगळ्यांत गाजलेलं गाणं मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांवर आहे. पाहुणे पोरीला चालायला लावतात, केस सोडायला लावतात, अक्षर बघतात. मग ढोल थांबतो आणि ही नुसत्या आवाजात म्हणते, 'आक्का म्हनती, च्या प्या, उटा, जावा.' त्यानंतर ढोल जो सुटतो तो थांबत नाही. बाया पदर खोचून नाचतात. गंमत म्हणजे हे गाणं हळदीला सगळ्यांत जास्त वाजतं. पाहुण्यांना हाकलून लावणारं गाणं पाहुणेच पैसे देऊन वाजवून घेतात, आणि यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

मला मात्र ते ऐकताना दर वेळी गोंधळायला होतं. आमच्या घरात आक्का एकच, ती मी. चालून दाखवलं मी, अक्षरही माझंच बघितलं. पण 'उठा, जावा' असं मी आयुष्यात कुणाला म्हटलेलं नाही. दुकानात उधारी मागायला येणाऱ्याला सुद्धा मी 'बसा की' म्हणते.

पेपरवाले तिला बंडखोर गायिका म्हणतात. बंड कुणाविरुद्ध, हे मला अजून नीट कळलेलं नाही. आमचे अण्णा म्हणजे गरीब गाय. सांगोल्याकडच्या कोरड्या रानातली मेंढरं भावाच्या हवाली करून ते सोलापुरात आले आणि मार्केट यार्डातल्या एका गोदामावर वॉचमन झाले. त्यांनी आम्हाला कधी बोट लावलं नाही. धाकटीला तर अडवायची सोयच नव्हती. आठवीत शाळेच्या गॅदरिंगमध्ये तिला स्वागतगीत म्हणायला उभं केलं, तर हिनं मधेच स्वतःचं कडवं घुसडलं, की पाहुणे आले उशिरा, पोरं वाळली उन्हात. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मुख्याध्यापकांनी आईला बोलावून घेतलं. आईला कळेना की शिक्षा झाली की बक्षीस मिळालं.

कॉलेजात गेली आणि बँजो पार्टीत गायला लागली, मिरवणुकीत, सगळ्या बाप्यांच्या मधे एकटी. मग पुण्याला गेली. एकदा आली ती डोकं अर्धं भादरून. एका बाजूला केस, दुसऱ्या बाजूला काही नाही. मी कामाच्या सवयीनं लगेच म्हटलं, फोटो काढताना ही बाजू घे. ती इतकी हसली की मलाच राग आला. स्टेजवर ती जीन्सवर अण्णांचं जुनं काळं घोंगडं खांद्यावर टाकते. अण्णांनी ते टीव्हीवर पाहिलं आणि म्हणाले, "थंडी न्हाय, पाऊस न्हाय, घोंगडं कशापायी पांघरलंय?" मी म्हटलं, ती फॅशन आहे. अण्णा म्हणाले, "मग मी लई वर्सं फॅशनीतच हुतो म्हन की."

समाजातली चार मोठी माणसं एकदा घरी आली, पोरीला आवरा म्हणून सांगायला. अण्णांनी त्यांना चहा दिला आणि म्हणाले, "तुमीच आवरा. मला तर ती घावत न्हाय." त्याच माणसांनी पुढे माझ्याकडूनच फ्लेक्स करून घेतला, 'समाजाची शान' म्हणून. मी तो केला. चांगला झाला होता. तेव्हाही मला कळलं नव्हतं की आनंद मानायचा की अपमान.

तिचं एकच वागणं मला बिनशर्त पटलं. एका गावात पहिल्या रांगेत पुढाऱ्यांसाठी सोफे मांडले होते आणि बाया मागे बांबूच्या पलीकडे उभ्या होत्या. ही माईकवर म्हणाली, सोफे मागं न्या, बाया पुढं बसतील, मगच मी गाते. अर्धा तास ती नुसती घोंगडं पांघरून स्टेजवर बसून राहिली. शेवटी पुढारीच आपापले सोफे उचलू लागले. तो व्हिडिओ मी दुकानात मालकासमोर लावला होता, आवाज मोठा करून. ती माझी बहीण आहे याचा अभिमान मला लपवता येत नाही. पण तिचं ते गाणं लागलं की मी काहीतरी काम काढून आत जाते.

कारण पाहुणे मला बघायला आले त्या दिवशी काय झालं ते मला माहीत होतं, किंवा माहीत आहे असं मी समजत होते.

मी टायपिंग आणि डिझाईन शिकून नुकतीच कामाला लागले होते. धाकटी पाचवीत होती. नातेपुत्याकडचं स्थळ आलं. मुलाचं मोटार वायंडिंगचं, म्हणजे पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. जीपमधून मुलगा, त्याची आई, मामा आणि आत्या अशी मंडळी आली. आत्याच सगळं चालवत होत्या. रंग सावळा आहे, असं त्या माझ्यासमोरच माझ्या आईला म्हणाल्या, जणू आईला ते नवीन होतं. मग मला म्हणाल्या, "जरा दारापर्यंत चालून दाखव की." मी गेले. "आता माघारी ये." मी आले. "परत एकदा."

तेव्हा मुलगा म्हणाला, "पुरे की आत्या. त्या काय कवायतीला आल्यात का?"

सगळे हसले. मी खालमानेनं बसले होते, मलाही हसू आलं. आत्यांनी कागद पुढे केला, नाव लिही म्हणाल्या. मी लिहिलं. कागद हातोहात फिरून मुलाकडे गेला. त्यानं तो गुडघ्यावर ठेवून खाली आपल्या दुकानाचं नाव लिहिलं आणि माझ्याकडे परत दिला. "माझं बी अक्षर बघून घ्या," म्हणाला. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय होते. मी वर बघितलं. तो घाबरलेला होता. त्या खोलीत माझ्यासारखंच घाबरलेलं दुसरं कुणीतरी आहे, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

मी रिकामे कप घेऊन आत गेले आणि माझे हात इतके कापायला लागले की कप वाजू लागले. डोळे भरून आले. आई म्हणाली, रडू नको, होईल काहीतरी चांगलं. चांगलंच झालं होतं, म्हणून रडत होते, पण ते आईला कसं सांगणार? पिंपाला टेकून धाकटी उभी होती. ती माझ्याकडे टक लावून बघत होती.

आठवड्यानं मध्यस्थाचा निरोप आला, पत्रिका जमत नाही. आपल्याकडे नकार कधी नकार म्हणून येत नाही, तो पत्रिकेवर घालून येतो. म्हणून पुढे कुणी काही विचारत नाही, विचारायचं नसतंच. आईनं मला बेसन आणि साय लावायला सुरुवात केली. मी आरशात बघून ठरवलं की रंगच नडला. नंतर आणखी स्थळं आली. काहींना मी पसंत पडले नाही, एक मला पडलं नाही, एकाच्या वेळी दुकानात लग्नसराईचं काम होतं म्हणून मी घरी गेलेच नाही. मग येणं थांबलं. नक्की कधी, ते आता आठवत नाही. आई गेली. मी आणि अण्णा राहिलो. मी दुःखी आहे का, असं कुणी विचारलं तर मी विचारात पडते. सकाळी डबा असतो, दिवसभर फेटे असतात, संध्याकाळी अण्णांशी भांडण असतं.

तर आता ती लाल पट्टी समोर होती. मी धाकटीला फोन लावला नाही, ती येणारच होती. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी आली. सोलापूरचं ऊन मार्चमध्येच डोक्यावर बसतं. ती आली, बॅग टाकली, फरशीवर आडवी झाली आणि म्हणाली, "कडक भाकरी आन् शेंगा चटणी दे. पुण्यात समदं हाय, ह्येच न्हाय."

मी ताट दिलं आणि सांगून टाकलं. "मी स्टेजवर येनार न्हाय."

"का?"

"खोटं हाय म्हनून. मी कुणाला उठवलं न्हवतं. त्यांनीच मला नाकारलं. लोकास्नी वाटतंय मी झाशीची राणी. मी नुसती नाकारलेली बाई हाय."

तिनं भाकरीचा तुकडा हातातच धरून ठेवला. मग म्हणाली, "त्यांनी न्हाय नाकारलं, आक्का."

मी म्हटलं, "पत्रिका जमली न्हाय, म्हंजे तेच की."

"तसं न्हाय. त्यांची पिशवी ऱ्हायली हुती. पानाची. आईनं मला जीपकडं पळवलं. मी पिशवी दिली आन् त्या चालायला लावनाऱ्या म्हातारीला सांगितलं, की आमची आक्का म्हनती, परत येऊ नका. तिला तुमच्यातलं कुणी पसंत न्हाय."

मी चटणीचं भांडं खाली ठेवलं.

"तू आत रडत हुतीस," ती म्हणाली. "तुजं हात कापत हुतं. त्यांनी तुला गुरासारखं फिरवलं. मला राग आला. दुसरं काय करनार हुते मी? समदी गप बसल्याली. कुनीतरी बोलायला पायजे हुतं."

"आन् तो... त्ये लोक काय म्हनले?"

"म्हातारीचं तोंड उतारलं. पोरगा काय बोलला न्हाय. गाडीत जाऊन बसला." मग म्हणाली, "त्या दिवशी पयल्यांदा मला कळलं, की मी बोलल्यावर जीप जाती."

तिनं हे कबूल करताना मान खाली घातली नव्हती. तिला वाटत होतं तिनं मला सोडवलं. तिची सगळी गाणी, घोंगडं, सोफे, अर्धं भादरलेलं डोकं, सगळं त्या जीपपासून सुरू झालं होतं. आणि इतकी वर्षं मी बेसन लावत होते. मला राग यायला हवा होता. आलाही असेल. पण तो कुठे ठेवावा ते कळेना. पाचवीतल्या पोरीवर रागवायचं, की समोर भाकरी खाणाऱ्या बाईवर? बरं, ती माझ्या बाजूनंच बोलली होती. माझ्या बाजूनं बोलणारी त्या घरात तीच एकटी होती. नाही, एकटी नव्हती. आणखी एक जण बोलला होता, आणि नेमकं त्यालाच हिनं घालवून दिलं होतं.

मी एवढंच म्हटलं, "चटनी वाढू का?"

त्या रात्री मला एक भलताच विचार सुचला. त्या मुलालाही इतकी वर्षं वाटत असणार की पत्रिकेची सबब त्याच्या घरच्यांनी आपली अब्रू राखायला पुढे केली, खरा नकार माझा. नातेपुत्यातसुद्धा हळदी होतात, तिथेही ते गाणं वाजत असणार. तो दुकानात मोटार उघडून बसलेला असेल आणि रस्त्यावरून जाणारा डीजे त्याला सांगत असेल की आक्का म्हणते, उठा, जावा. त्यानं आवाज ओळखला नसेल, पण गोष्ट ओळखली असेल. चालणं, अक्षर, सगळं आहे त्यात. फक्त त्यानं कागदावर काय लिहिलं ते नाही.

स्टेजवर जायचं मी का ठरवलं, हे मला आजही धड सांगता येणार नाही. अण्णा म्हणाले, "जा की, मिक्सर लागला तर घिऊन ये." मी इस्त्रीची साडी नेसले.

मैदान बायांनी भरलं होतं. लेकुरवाळ्या, कॉलेजच्या पोरी, विडी कामगार बाया, एकमेकींशी तेलुगूत बोलणाऱ्या आज्या. पुढे सोफे नव्हते. माझा फ्लेक्स स्टेजच्या मागे लागला होता आणि कडा जरा वाकड्या आल्या होत्या, ते मला आधी दिसलं. धाकटीनं तीन-चार गाणी म्हटली. मग तिनं मला हाताला धरून पुढे आणलं आणि म्हणाली, "ही माजी आक्का." जो आवाज उठला तसा आवाज माझ्यासाठी कधी कुणी केला नव्हता.

निवेदन करणारी बाई माईक घेऊन आली. "आक्का, त्या दिवशी पाहुण्यांना काय म्हणालात, एकदा तुमच्या तोंडून ऐकू द्या की आमाला."

मला म्हणता आलं असतं. चार शब्द होते, सगळ्या मैदानाला पाठ होते. कुणाचं काही गेलं नसतं. पण इतक्या बाया तोंड वर करून माझ्याकडे बघत होत्या, आणि ती एकच वेळ होती जेव्हा माझं बोलणं जीपपर्यंत मीच नेणार होते.

मी म्हटलं, "मी काय म्हनले न्हवते. मला त्यो पोरगा आवडला हुता."

मग हशा. मोठा, प्रेमाचा हशा, शिट्ट्या, टाळ्या. कुणीतरी ओरडलं, "आक्का लई भारी." त्यांना वाटलं मी चेष्टा केली. ढोलवाल्यालाही तसंच वाटलं असावं, त्यानं गाणं सुरू केलं. मी हसू लागले, कारण सगळे हसत होते.

फक्त धाकटी हसत नव्हती. माईक तिच्या तोंडाशी होता आणि ती माझ्याकडे बघत होती. तिची ओळ आली आणि गेली. बायांना फरक पडला नाही. त्यांनी स्वतःच गाणं उचललं आणि शेवटपर्यंत म्हटलं. मी शेजारी उभी असताना हजार बाया मला सांगत होत्या की मी काय म्हणते, आणि इतक्या मनापासून सांगत होत्या की मला त्यांना थांबवावंसं वाटेना. कदाचित त्यांच्यापैकी कुणाला खरंच कधीतरी तसं म्हणायचं असेल. त्यांचं ते खरं, माझं हे खरं. दोन्ही एका मैदानात कसं मावायचं ते मला कळत नव्हतं.

नंतर स्टेजमागे, जनरेटरच्या घरघरीत, ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. घामानं काजळ उतरलं होतं. घोंगडं काखेत होतं.

"खरं बोललीस?"

"व्हय."

"मग मला सांगायचं न्हाय का तवा?"

"तू पाचवीत हुतीस."

"मग नंतर?"

मला एकदम भडाभडा बोलायला आलं. "त्या दिवशी मला समद्यांनी इचारलं. सैपाक येतो का, चष्मा हाय का, टायपिंगचा स्पीड किती, गानं म्हनता येतं का. पोरगा आवडला का, ह्ये कुनी इचारलं न्हाय. अण्णांनी न्हाय, आईनं न्हाय. तुजं तर समद्या जगाशी भांडान चाललंय माज्या नावानं, पन तू बी न्हाय इचारलंस."

अध्यक्ष हार घेऊन आले, तिनं त्यांना हातानंच थांबवलं. मग ती खाली, केबलच्या वेटोळ्यावर बसली आणि माझ्याकडे वर बघून म्हणाली, "आता इचारते. तुला काय पायजे, आक्का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. या प्रश्नाची तयारी माझ्याकडून कुणी करून घेतली नव्हती.

"थांब जरा," मी म्हटलं. "सुचू दे."

मैदानातून तिच्या नावाचा ओरडा चालू होता, पुढचं गाणं हवं होतं. ती उठली नाही. ती थांबली.